मांजराच्या मातीची पिशवी

आमच्या घरी दोन मांजरे आहेत. हळदी ही पिवळसर रंगाची मांजरी २०१९ च्या महापुरानंतर, सांगलीच्या गावभागातल्या आमच्या जुन्या घरातला गाळ उपसायला गेलो तेव्हा जिन्याखालच्या फडताळात सापडली. काळू हा बोका त्यानंतर दोन वर्षांनी विश्रामबागेतल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमधून आपण होऊन दुसऱ्या मजल्यावर आला आणि राहिला. दोघेही आता घराबाहेर जात नाहीत. त्यामुळे त्यांच्या मलमूत्राचा प्रश्न पूर्णपणे आमच्या घरातला आहे, आणि तो रोज सकाळ-संध्याकाळ सोडवण्याचे काम माझ्याकडे आहे.

मांजराने मलमूत्र करावे म्हणून घरात एका ट्रेमध्ये शोषक माती घालून ठेवतात. दुकानात या मातीला ‘लिटर’ म्हणतात. आमच्या घरी ‘माती’ हाच शब्द रुळला आहे, म्हणून इथेही तोच वापरतो.

हे काम माझ्याकडे आले ते सून गरोदर असताना. तोपर्यंत तीच ट्रे साफ करत असे. तिच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत घरात मांजर आहे का असे विचारले आणि आहे म्हटल्यावर, ट्रेला हात लावायचा नाही, ते काम घरातल्या दुसऱ्या कोणीतरी करायचे, असे स्पष्ट सांगितले. कारण टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी. मांजराला त्याची पहिल्यांदा लागण झाली की त्याची अंडीवजा सूक्ष्म कवचे साधारण एक ते तीन आठवडे विष्ठेतून बाहेर पडतात, आणि गरोदरपणात स्त्रीला प्रथमच त्याची लागण झाली तर पोटातल्या बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना इजा होऊ शकते. हे ऐकून आमच्या नात्यातल्या काही मंडळींनी मांजरे कुठेतरी नेऊन सोडण्याचा सल्ला दिला. डॉक्टरांनी मात्र तसे काहीही सांगितलेले नव्हते. घरातच राहणारे, उंदीर-पाखरे न मारणारे आणि कच्चे मांस न खाणारे मांजर या बाबतीत फारसे धोक्याचे नसते. नीट न शिजलेले मांस, न धुतलेली भाजी आणि बागेतली माती यांतूनच माणसांना ही लागण अधिक होते. शिवाय एक गोष्ट अशी आहे की जिच्यामुळे माझे रोजचे वेळापत्रकच ठरून गेले: विष्ठेतून बाहेर पडलेली ही कवचे लगेच रोगकारक नसतात, तशी व्हायला त्यांना एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे ट्रे रोज साफ केला तर घरातला धोका बराचसा तिथेच संपतो. मात्र तीच कवचे ओलसर जमिनीत महिनोन्महिने, कधी वर्षाहूनही अधिक काळ तग धरतात. घराबाहेर टाकलेली माती घराबाहेर काय करत असेल, हा विचार माझ्या मनात पहिल्यांदा आला तो या माहितीमुळे.

गावभागात आम्ही लहानाचे मोठे झालो तेव्हा असा प्रश्नच नव्हता. मांजरे परसात जात, माती उकरत, काम उरकून पुन्हा झाकत आणि घरात येत. पावसाळ्यात आजी कोपऱ्यात एका फुटक्या घमेल्यात चुलीची राख ठेवी आणि सकाळी ती उकिरड्यावर टाकी. मांजराचे मूळ कुळ कोरड्या, वाळवंटी प्रदेशातले असल्यामुळे त्याचे शरीर पाणी राखून ठेवते. लघवी थोडी पण फार तीव्र असते, आणि ती पुरण्याची ओढ त्याला उपजतच असते. परस नसलेल्या घरात ही ओढ भागवण्यासाठी माणसाने पूर्वी राख, रेती आणि लाकडाचा भुसा वापरला. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एड लो नावाच्या तरुणाने, हिवाळ्यात रेती गोठून गेल्यामुळे दारात आलेल्या शेजारणीला रेतीऐवजी शोषक मातीचे दाणे दिले. ती माती म्हणजे आपण चेहऱ्याला लावतो त्या मुलतानी मातीच्या जातीची. तिथून हा सगळा व्यवसाय उभा राहिला. ओले झाल्यावर गोळा बनणारी बेंटोनाइटची माती १९८० च्या दशकात आली, आणि आज आपल्याकडे दुकानांत सर्वाधिक दिसते तीही तीच.

बेंटोनाइट म्हणजे काय हे सांगलीकराला समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही. त्यातले मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट हे ज्या गटातले आहे, त्याच गटातली फुगणारी खनिजे आपल्या कृष्णाकाठच्या काळ्या मातीत असतात. मे महिन्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाचा पाऊस झाला की तीच जमीन फुगून, चिकटून पायातली चप्पल काढून घेते. ट्रेमध्ये मांजराच्या लघवीचा जो घट्ट गोळा होतो तो याच गुणामुळे होतो. ही माती कुजत नाही, जळत नाही आणि पाण्यात विरघळून निघूनही जात नाही. हे आधी नीट ध्यानात घेतले असते तर मी सुरुवातीच्या चुका केल्या नसत्या.

पहिली चूक संडासात टाकण्याची. तेव्हा आम्ही बेंटोनाइट नव्हे, सोयाबीनच्या चोथ्यापासून केलेली माती आणली होती आणि तिच्या पिशवीवर फ्लश करता येते असे छापलेले होते. मी तीन आठवडे रोजचे गोळे निर्धास्तपणे फ्लश केले. चौथ्या आठवड्यात तळमजल्यावरच्या कुटुंबाच्या न्हाणीघरात मैलापाणी उलटे वर आले. प्लंबरने पाइपाच्या कोपऱ्यातून जो लगदा काढला तो भिजवलेल्या भाकरीच्या पिठासारखा होता आणि त्यात मांजराचे केस होते. त्या घरातल्या काकूंनी मला एका शब्दाने दुखावले नाही, पण दोन दिवस त्यांना न्हाणीघर वापरता आले नाही, आणि मी जाऊन स्वच्छ करून देतो म्हटले तर त्यांनी ते करू दिले नाही. चोथ्याची माती पाण्यात मोकळी होते हे खरे. पण ती होण्याआधी फुगते, आणि जुन्या इमारतीच्या अरुंद, वळणांच्या पाइपात तिला तेवढा वेळ आणि तेवढे पाणी मिळत नाही. बेंटोनाइट फ्लश करणे म्हणजे तर काळी माती पाइपात ओतण्यासारखेच. सेप्टिक टँक असलेल्या घरात ती तळाशी बसून राहते. आणि पाइप तुंबला नाही, तरी मैलापाण्यावरच्या नेहमीच्या प्रक्रियेत त्या परजीवीची कवचे मरतील अशी खात्री धरता येत नाही. क्लोरीन त्यांना फारसे काही करत नाही. सांगलीत शहराचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या शेरीनाल्यातून नदीत काय जाते याबद्दल आपण इतकी वर्षे तळमळीने बोलतो. त्या पाण्यात आपल्या घरातून आणखी भर घालणे मला पटत नाही.

दुसरा मार्ग पुरण्याचा. तो पुष्कळांना नैसर्गिक वाटतो, आणि हरिपूरकडे ज्यांची स्वतःची जागा आहे अशा माझ्या एका मित्राने तो करूनही पाहिला. मोठी जागा असेल, विहीर आणि बोअर लांब असेल, पाणी साचत नसेल, जवळ भाजीपाला नसेल आणि माती लाकडाच्या भुशाची किंवा कागदाची असेल, तर खोल पुरून वर शोभेचे झाड लावण्याला माझी हरकत नाही. पण नदीकाठच्या आपल्या भागात यातल्या किती अटी पुऱ्या होतात? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते आणि तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमच्या घरात त्या वेळी गुडघाभर गाळ होता. तो फावड्याने ओढताना त्यात कोणाच्या परसातले, कोणाच्या उकिरड्यावरचे, कोणत्या मोकळ्या प्लॉटवरचे काय मिसळलेले आहे हे कोणालाच सांगता येत नव्हते, आणि तो आम्ही हातांनी उपसत होतो. म्हणून मोकळ्या प्लॉटवर माती टाकणाऱ्या माणसाला मी आता थांबवतो, मग तो ओळखीचा असो वा नसो.

खत करण्याबद्दलही असेच. ओल्या कचऱ्याच्या डब्यात मांजराची विष्ठा टाकली की ती खतात जाते आणि खत शेतात. घरगुती खताच्या डब्यात सगळीकडे सारखी आणि पुरेशी उष्णता तयार होत नाही. जंत, टोक्सोप्लाझ्मा, आतड्यातले जीवाणू त्यातून जिवंत बाहेर येऊ शकतात. ज्या जिल्ह्यातून द्राक्षे आणि भाजीपाला गावोगाव जातो तिथे तरी ही गोष्ट कोणाला पटवून द्यावी लागू नये. गच्चीवरच्या कुंड्यांतल्या मिरचीला आणि कोथिंबिरीला मी हे खत कधीच घालणार नाही.

उरतो तो रोजच्या कचऱ्यातून देण्याचा मार्ग. मी हाच पत्करला आहे. पण तो पत्करल्यानंतरही मी जवळजवळ वर्षभर तो चुकीच्या रीतीने वापरत होतो.

आषाढातली एक सकाळ. घंटागाडी आमच्या गल्लीत पावणेआठच्या सुमारास येते. त्या दिवशी संततधार होती, आदल्या दिवशी गाडी आली नव्हती, आणि दोन दिवसांची बेंटोनाइटची माती मी एकाच पातळ पिशवीत भरून, गाठ मारून सुक्या कचऱ्यासोबत खाली नेली होती. गाडीवरच्या ताईंनी नेहमीप्रमाणे पिशवीचा कान धरून ती वर उचलली. खालचा शिवणीचा भाग सुटला. आतला करडा चिखल त्यांच्या उजव्या हातावर आला आणि मनगटावरून रबरी मोज्याच्या आत गेला. त्यांनी मोजा उपडा केला तेव्हा त्यातून तो गोळ्यागोळ्याने पडला, आणि त्याच्या मागोमाग अमोनियाचा तो डोळ्यांत पाणी आणणारा वास आला. मी धावत वर जाऊन साबण आणि पाण्याची बादली आणली. त्या हात धूत असताना मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, “असू द्या काका. पण ह्यात काय हाय ते आधी सांगितलं असतं, तर मी खालनं धरली असती.”

त्या वाक्यात तक्रार नव्हती. माझ्या घरातून बाहेर पडणाऱ्या वस्तूबद्दलची जी माहिती माझ्याजवळ होती, ती पुढे जिच्या हातात ती वस्तू जाणार तिच्यापर्यंत मी पोचवलेली नव्हती, एवढेच त्यांनी सांगितले. आमच्या सुनेला ज्यापासून सांभाळण्यासाठी डॉक्टरांनी इतक्या काळजीने सूचना दिल्या आणि मी त्या इतक्या काटेकोरपणे पाळल्या, तेच त्या मोज्यात पडले होते. त्या ताईंच्या घरातही कोणीतरी सून, लेक असेल. हे मला त्या क्षणी प्रथम जाणवले, याचे मला अजून वाईट वाटते.

त्यानंतर मी पद्धत बदलली. तळणाचा एक जुना झारा या कामासाठी वेगळा काढला आहे. दुकानातल्या प्लॅस्टिकच्या फावडीपेक्षा तो चांगला चालतो, कारण त्याची भोके बारीक आहेत आणि कोरडी माती खाली गळून गोळा तेवढा वर राहतो. काढलेले गोळे वर्तमानपत्राच्या दोन पानांत घट्ट गुंडाळतो. ही पुडी गव्हाच्या पिठाच्या रिकाम्या पिशवीत जाते. ती पिशवी जाड असते, तिचा तळ सुटत नाही, आणि तोंड दोनदा दुमडून बांधले की वास बाहेर येत नाही. एका पिशवीत मी दोन किलोंपेक्षा जास्त भरत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर नव्हे, गच्चीवर ठेवलेल्या जुन्या ताणकाट्यावर हे वजन करतो. दोन मांजरांची बेंटोनाइटची माती महिन्याला दहा किलोंच्या आसपास बाहेर पडते, हे मला त्यावरूनच कळले. गाडी येईपर्यंत पिशवी झाकणाच्या बादलीत, मांजरांच्या आणि नातीच्या हाताला न लागेल अशी ठेवतो. आणि ती ओल्या कचऱ्यात कधीच देत नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी डायपर आणि सॅनिटरी पॅड नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या बाजूला द्यावेत असे सांगितले होते. मांजराची माती मी माझ्यापुरती त्याच रांगेत बसवली आहे.

खुणेचा प्रश्न मात्र ताईंनीच सोडवला. मी आधी पिशवीवर जाड पेनाने ‘मांजराची माती’ असे लिहून देत असे. आठवड्याभराने त्या म्हणाल्या की गाडीवर सगळ्यांनाच वाचता येते असे नाही आणि पावसात अक्षर राहतही नाही, काहीतरी बांधून द्या. तेव्हापासून लाल सुतळी बांधतो. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने सॅनिटरी पॅडच्या पुडीवर लाल ठिपका काढण्याची मोहीम चालवली होती. तिची माहिती मला नंतर मिळाली आणि आमची सुतळी त्याच वाटेवरची आहे हे पाहून बरे वाटले.

ट्रे धुण्याबद्दल थोडे सांगायला हवे, कारण तिथे आपल्या घरांत सर्रास एक घातक गोष्ट होते. संडास-न्हाणीघरासाठी आपण फिनेल वापरतो, किंवा पाण्यात टाकल्यावर दुधासारखी पांढरी होणारी जंतुनाशके वापरतो. त्यांतले फिनॉलच्या जातीचे पदार्थ मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत. ते पंजावर लागतात, मांजर पंजा चाटते, आणि विषबाधा होऊ शकते. ब्लीचही नको, कारण लघवीतल्या अमोनियाशी संयोग होऊन त्यातून श्वासाला त्रास देणारा वायू निघतो. मी महिन्यातून दोनदा ट्रे पूर्ण रिकामा करतो, भांडी घासायच्या साबणाने घासतो आणि वरून उकळते पाणी ओततो. टोक्सोप्लाझ्माच्या कवचांवर उकळत्या पाण्यासारखा दुसरा उपाय घरात नाही. नंतर ट्रे उन्हात. आषाढ-श्रावणात ऊन नसते तेव्हा जुन्या पंच्याने कोरडा पुसून तळाला चमचाभर खाण्याचा सोडा टाकतो.

मातीचे प्रकारही आम्ही बदलून पाहिले. वखारभागातून लाकडाचा भुसा आणला, तो अगदीच बारीक होता आणि हळदी दिवसभर शिंकू लागली. शिवाय प्लायवुडचा भुसा असेल तर त्यात गोंदाची रसायने असतात. सिलिकाचे खडे वास चांगला शोषतात, पण तेही कुजत नाहीत आणि काळूला ते पायाला टोचत असावेत, कारण तो ट्रेच्या कडेवर उभा राहू लागला. लाकडाच्या दाबलेल्या गोळ्या सध्या निम्म्या प्रमाणात वापरतो. ओल्या झाल्या की त्यांचा भुसा होतो. बेंटोनाइटपेक्षा त्या वजनाला हलक्या असतात, म्हणून गाडीवर चढणारे ओझेही घटते. पण हळदीला अजूनही बेंटोनाइटच हवी असते. मांजराच्या आवडीविरुद्ध यात फार जाता येत नाही, नाहीतर ते गादीवर जाते. लहान पिल्लू घरी असेल तर मात्र गोळा बनणारी माती आणूच नये. पिल्ले ती खातात आणि ती पोटात फुगते.

रोज हाताने गोळे काढण्याचा एक लाभ मला अनपेक्षितपणे झाला. गेल्या हिवाळ्यात काळू सकाळपासून चार वेळा ट्रेत बसला आणि झाऱ्यात एकही गोळा आला नाही. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो आणि तो खड्यांनी अडला तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतते. त्याच दुपारी पशुवैद्यांनी नळी घालून त्याची लघवी मोकळी केली. काम रोज दुसऱ्याच्या हातून, घाईत होत असते तर ते ध्यानात आले नसते. उलट गोळे अचानक मोठे आणि जास्त येऊ लागले तर मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार तपासून घ्यावा लागतो. नातीचा जन्म होऊन आता काळ लोटला, सुनेने दोनदा हे काम परत मागितले, पण मी ते दिलेले नाही.

पिशवीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. राज्यात २०१८ पासून पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण पिठाच्या पिशव्या घरात महिन्याला दोन येतात आणि मला आठवड्याला किमान दोन लागतात. तळमजल्यावरच्या काकू त्यांच्याकडच्या रिकाम्या पिशव्या आता धुऊन, घडी घालून जिन्याच्या कठड्यावर माझ्यासाठी ठेवतात. इतर ठिकाणच्या मिळून सहा-सात होतात. कुजणाऱ्या म्हणून विकत मिळणाऱ्या पिशव्या ओल्या मातीच्या वजनाने दुसऱ्याच दिवशी मऊ पडल्या, म्हणून त्या मी थांबवल्या. सध्या खताच्या रिकाम्या पोत्याचे तुकडे शिवून पाहतो आहे. सुतळीच्या टाक्याने शिवलेला पहिला तुकडा पावसात कालपर्यंत तरी टिकला आहे.